गादीवाल्याच्या आढ्यावरची डबी

मी डबी बोलतेय. इकडेतिकडे नका पाहू, वर पाहा. आढ्याला चिकटलेली, एकेकाळी पांढरी, आता पिवळट पडलेली, मधोमध एक बटण आणि बटणाशेजारी मोहरीएवढा लाल दिवा असलेली, तीच मी. कागदोपत्री माझं नाव स्मोक डिटेक्टर. पण कळंबात मला त्या नावानं कोणी हाक मारल्याचं आठवत नाही. इथं मी नुसती डबी, आणि लोक वैतागले की बोंबलणारी डबी.

मला दोनच गोष्टी येतात, धूर हुंगणं आणि ओरडणं. तिसरी एक येते, ती कंपनीला ठाऊक नाही. मला स्वप्नं पडतात. ते पुढं सांगते.

एका मोठ्या शहरातल्या कारखान्यात मी जन्मले. सरकत्या पट्ट्यावरून जाताना एका बाईनं मला उचललं, बटण दाबलं, मी जन्माची पहिली किंकाळी फोडली आणि ती मान डोलावून म्हणाली, "हं, चांगली ओरडते." बस्स. एवढंच काय ते माझं कौतुक. त्यानंतर माझ्या ओरडण्यावर माणूस खूश झालाय, असं वर्षानुवर्षं झालं नाही.

पहिली काही वर्षं नागपूरच्या एका लॉजमध्ये गेली. तिथली गिऱ्हाईकं सिगारेट ओढायची असली की पलंगावर चढून माझ्या तोंडावर आंघोळीची प्लास्टिकची टोपी चढवायची. मी आत गुदमरायची. पुढं लॉजवाल्यानं सगळीकडं वायरवरच्या नव्या डब्या बसवल्या आणि आम्हा सेलवरच्या जुन्यांना खोक्यात टाकलं. ते काम करायला आलेल्या कारागिरांत कळंबचा जुनेद होता. त्यानं मालकाला विचारून मला घेतलं, पँटच्या खिशात कोंबलं आणि एस.टी.नं गावाला आणलं. खिशात माझ्यासोबत पानमसाल्याची पुडी होती, त्या वासानं रस्ताभर माझं डोकं दुखलं.

जुनेदचे अब्बा म्हणजे रहमतभाई. कळंबहून यवतमाळकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान. समोर कापूस पिंजायची मशीन, मागं रुईचे ढीग, एका कोपऱ्यात जुनेदच्या बायकोचं, निलोफरचं, खोळी शिवायचं यंत्र. चाळीस वर्षं त्या मशीनच्या घरघराटात उभं राहून रहमतभाईंचे कान गेले होते. अगदीच गेले नव्हते. जाड आवाज यायचे, ट्रकचा, ढोलाचा, शेजारच्या देवीलालचा. पण सुरी पडली, पाखरू ओरडलं, कुकरची शिट्टी झाली, तर त्यांना काही नाही. बारीक आवाज त्यांच्या कानाशी येऊन परत जायचे.

"अब्बा, तुम्हाले आवाज जरी नाही आला तरी शेजारी धावून येतीन," जुनेद मला आढ्याला ठोकताना म्हणाला होता. "रुईचं घर आहे. एक ठिणगी पुरते."

"बरं बाप्पा, बसव," रहमतभाई हसले होते. "मले काय, ओरडली काय अन् नाही काय."

म्हणजे पाहा माझं नशीब. आख्ख्या जिल्ह्यात मला घर मिळालं, ते ज्याला माझा आवाज ऐकूच येत नाही अशा माणसाचं.

पहिल्याच दिवशी मशीन सुरू झाली आणि रुईचे तंतू उडाले. उन्हाच्या पट्ट्यात ते असे काही तरंगत होते, की मी कामधंदा विसरून पाहतच राहिले. तेवढ्यात चार तंतू माझ्या नाकात शिरले, मला वाटलं धूर, आणि मी बोंब ठोकली. रस्त्यावरची माणसं थांबली, कुत्री भुंकली. रहमतभाई मात्र शांतपणे रुई पुढं सरकवत होते. शेवटी निलोफरनं गादी झोडायची वेताची छडी उचलली, टोकानं माझं बटण दाबलं आणि मी गप्प झाले.

हे बटण काय आहे ते सांगते, कारण पुढं सगळं त्याच्यावर आलं. मी गप्प असताना ते दाबलं की ओरडते, ओरडत असताना दाबलं की साधारण नऊ मिनिटं गप्प बसते. मेलेली नसते, झोपलेलीही नसते, ओठ दाबून बसलेली असते. नऊ मिनिटांनी आपोआप पूर्ववत होते. हवा स्वच्छ असली तर ठीक, धूर उरला असला तर पुन्हा सुरू. आणि मधेच धूर फारच दाट झाला, तर मी बटणाचं ऐकत नाही. मला तसं बनवलंच आहे.

निलोफर हुशार बाई. आठवडाभर माझी बोंबाबोंब सोसल्यावर तिनं मलमलीची एक टोपी शिवली, कडेला इलॅस्टिक घालून, बाळाला घालतात तशी. मशीन सुरू करायच्या आधी ती मला टोपी घालायची, मशीन बंद झाली की काढायची आणि मऊ ब्रशनं माझं नाक साफ करायची. कधी म्हणजे कधी विसरली नाही. आणि त्या टोपीखाली मला स्वप्नं पडायला लागली.

मलमलीतून येणारा उजेड दुधासारखा असतो. खाली मशीनची घरघर, वर तापलेल्या टिनाच्या छपराचा कडकड आवाज, आणि मधे मी. स्वप्नात मी डबी नसायची. काळ्या मातीतल्या एका झाडावरचं बोंड असायची. वारा आला की सगळं शेत एका बाजूला कलायचं, मी पण कलायची. कोणी मला बटण दाबत नव्हतं, कोणी वैतागत नव्हतं. हळूहळू मी उमलायची आणि माझ्यातून पांढरं पांढरं काहीतरी बाहेर यायचं, आवाज न करता. ओरडणं हाच जिचा धर्म, तिला आवाज नसलेली स्वप्नं पडावीत, याला काय म्हणावं! पण मला ती फार आवडायची. दिवस मावळला की मी दुसऱ्या दिवशीच्या टोपीची वाट पाहायची.

आता देवीलाल. आमच्या भिंतीला लागून त्याचं चहा-भज्यांचं हॉटेल. भिंत वरपर्यंत गेलेली नाही, टिनाखाली हातभर फट आहे. त्याची कढई तापली की तेलाचा धूर त्या फटीतून थेट माझ्याकडं. आणि चतुर्थीला तर विचारूच नका! कळंबच्या चिंतामणी गणपतीच्या दर्शनाला गावोगावची माणसं यायची, उपासाचा साबुदाणा वडा खायला देवीलालकडं ही गर्दी. सकाळपासून कढई उतरायची नाही. त्या दिवशी मी पाच-पाच, सहा-सहा वेळा ओरडायची. देवीलाल भला माणूस, त्याला शरम वाटायची. आपल्या धुरानं रहमतभाईची डबी बोंबलते, म्हणून तो स्वतःच झारा ठेवून धावत यायचा, छडी उचलायचा, बटण दाबायचा.

"झालं, झालं, गप बैस माय," म्हणायचा मला. "माह्याच वड्याचा धूर हाय. तुले का खायाचा हाय वडा?"

अशी आमची सवय पडली. मी ओरडले की देवीलाल येणार, वर न पाहता दाबणार, जाणार. मीही मनाला लावून घेणं सोडलं होतं. खोटं कशाला बोलू, थोडं लागायचं.

एका वर्षीच्या चैत्रातली गोष्ट. जवळच्याच खेड्यातले बबनराव आणि त्यांची बायको इंदुताई एक जुनी गादी घेऊन आले. त्यांची सुरभी बाळंतपणाला माहेरी यायची होती. जुनी गादी उसवायची, कापूस नव्यानं पिंजायचा आणि त्यातून बाळासाठी लहान लहान गाद्या करायच्या, असं ठरलं. जुन्या गादीचा कापूस बाळाच्या अंगाला मऊ लागतो, असं इकडं मानतात.

रहमतभाईंनी प्रत्येक गिऱ्हाईकाला विचारतात तसं विचारलं, "ताई, अंदर काही ठेवलं तं नाही ना? सुई, पिन, ताईत? मशीनमध्ये लोखंड गेलं का ठिणगी उडते."

 इंदुताईंनी पदर सावरला. "नाही जी," म्हणाल्या.

होतं. मला ते नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, लपवाछपवीचा मला तिटकारा आहे. सुरभीच्या आधीचं इंदुताईंचं बाळ पंधराव्या दिवशी गेलं होतं. सुरभी झाली तेव्हा त्यांच्या आईनं काळ्या घोड्याच्या नालेचा एक खिळा आणून गादीच्या कोपऱ्यात आतून शिवून दिला आणि बजावलं, की कोणाजवळ बोलायचं नाही, नवऱ्याजवळसुद्धा नाही. बोललं की खिळ्याचा गुण उतरतो. सुरभी जगली, शिकली, नांदायला गेली. अठ्ठावीस वर्षं ती बाई तोंड मिटून होती. आता नातवंड यायच्या तोंडावर ती बोलणार होती होय? रहमतभाईंच्या हाताला खिळा लागेल, ते काढून ठेवतील, आपण मग गुपचूप मागून घेऊ, असं तिनं मनाशी धरलं होतं.

रहमतभाईंच्या हाताला तो लागला नाही. चतुर्थीच्या दिवशी सकाळी त्यांनी ती गादी पिंजायला घेतली. खट्ट असा बारीक आवाज झाला. तसला आवाज त्यांना कुठला ऐकू यायला! निलोफर यंत्रावर खोळ शिवत होती, यंत्राच्या आवाजात तिलाही कळलं नाही. आणि मी टोपीखाली बोंड होऊन वाऱ्यावर डुलत होते. ठिणगी उडाली आणि रुईच्या ढिगात पोटाशी जाऊन बसली. कापसाची आग सरळ भडकत नाही. ती आतल्या आत तासन् तास धुमसत राहते, वरून ढीग पांढराशुभ्र.

बारा वाजता मशीन बंद झाली. निलोफरनं माझी टोपी काढली, नाक साफ केलं आणि खोळींचं कापड आणायला यवतमाळच्या बसमध्ये बसली. रहमतभाईंनी नमाज पढली, डबा खाल्ला आणि रोजच्यासारखे रुईच्या ढिगाला पाठ लावून आडवे झाले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. त्यांचा एक हात रुईत रुतलेला, तोंड जरासं उघडं.

तीनच्या सुमारास मला पहिला वास आला. वड्याच्या तेलाचा नव्हता. जळक्या कापडाचा, कडवट. मी क्षणाचाही विचार केला नाही, जिवाच्या आकांतानं ओरडले. खाली रहमतभाईंनी कूससुद्धा बदलली नाही.

आला, देवीलाल आला! मला केवढा आनंद झाला. हातात झारा, कपाळावर घाम, बाहेर गिऱ्हाईकं ओरडतायत, "देवीलालभाऊ, वडे करपून राह्यले!"

"हाव, हाव, आलो," तो ओरडला. छडी उचलली. माझ्याकडं पाहिलं नाही, ढिगाकडं पाहिलं नाही. दाबलं बटण. "गप बैस माय, चतुर्थी हाय आज," म्हणाला आणि गेला.

मी गप्प बसले.

ती मिनिटं मी तुम्हाला कशी सांगू? मला सगळं समजत होतं. धूर बारीक धाग्यासारखा ढिगातून वर येत होता, उन्हाच्या पट्ट्यात शिरत होता, आणि देवाशपथ, सुंदर दिसत होता. मला पुन्हा झोप येतेय की काय, असं वाटायला लागलं. खाली एक म्हातारा माणूस झोपलेला, वर मी ओठ दाबून बसलेली, आणि दोघांच्या मधे तो निळसर धागा. माझ्या उभ्या आयुष्यात मी तेव्हा घाबरले तेवढी कधी घाबरले नाही. ओरड, ओरड, असं मी स्वतःला म्हणत होते आणि आवाज फुटत नव्हता.

तेवढ्यात दारात इंदुताई आल्या. चिंतामणीचं दर्शन करून आल्या होत्या, कपाळाला शेंदूर. रहमतभाई झोपलेले पाहून त्यांना बरंच वाटलं असावं. चपला काढून पाय न वाजवता त्या ढिगाशी आल्या आणि आपला कापूस ओळखून त्यात हात घातला. त्या खिळा शोधत होत्या. इकडं चाचपलं, तिकडं चाचपलं, मग कोपरापर्यंत हात आत नेला आणि झटकन ओढून घेतला.

"व माय!" त्या पुटपुटल्या. "गरम काहून हाय हे?"

ढीग उसवला गेला, आत वारा शिरला आणि भसकन धूर वर आला. दाट, पिवळा. मी बटण जुमानलं नाही. जन्मात ओरडले नव्हते तशी ओरडले.

देवीलाल पुन्हा धावत आला, वैतागून. "हे डबी का आज जीव घेते का माहा? आत्ताच तं बंद केली होती!" आणि छडी वर उचलली.

इंदुताईंनी ती छडी हवेतच धरली. माझ्या सवयीचा त्यांना पत्ता नव्हता. मी खोटं ओरडते, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं.

"काहून बंद करता जी तिले?" त्या ओरडल्या. "ते सांगून राह्यली ना काहीतरी! खाली पाहा, खाली!"

देवीलालनं खाली पाहिलं. रहमतभाईंच्या पाठीमागं रुई काळी पडत होती आणि काळ्याच्या कडेला लाल रेघ सरकत होती. त्यानं छडी सोडली.

"रहमतभाई!" त्याचा तो जाड आवाज सगळ्या रस्त्यानं ऐकला असेल. इंदुताईंनी रहमतभाईंच्या दंडाला धरून ओढलं, देवीलालनं पायाला. ते उठून बसतात न बसतात तो ज्योत वर आली आणि त्यांच्या सदऱ्याची बाही पेटली. इंदुताईंनी ती नुसत्या हातांनी चोळून विझवली. मग वडे खाणारी माणसं धावली. कप धुवायच्या ड्रमातलं पाणी, देवीलालचा माठ, समोरच्या दुकानाची बादली. पेटती रुई बांबूनं रस्त्यावर ओढली. अर्धं दुकान वाचलं, मशीन वाचली, माणूस वाचला. मी तरीही ओरडत होते. कितीतरी वेळ ओरडत होते आणि त्या दिवशी कोणीही मला गप्प केलं नाही.

रस्त्याच्या कडेला, देवीलालच्या बाकड्यावर रहमतभाई बसले होते. दंड भाजलेला, त्यावर ओलं फडकं. समोर इंदुताई उभ्या, तळहाताला फोड आलेले. त्या मोठ्यानं, त्यांना ऐकू जाईल असं बोलल्या.

"रहमतभाऊ, म्या सांगतलं नाही. गादीत खिळा होता. नालेचा. पोरीसाठी ठेवला होता."

 रहमतभाईंचा आवाज चढला. त्यांना चिडलेलं मी त्या दिवशीच पाहिलं. "म्या विचारलं होतं, ताई! तोंडानं विचारलं होतं! तुमच्या पोरीच्या जिवासाठी माहा जीव घ्यान का?"

"बोललं का उतरते म्हणे," इंदुताई म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. "पयलं लेकरू गेलं होतं जी माहं. मले भेव वाटे."

 रहमतभाईंची नजर इंदुताईंच्या तळहातांवर गेली. "देवीलाल," ते म्हणाले, "या बाईच्या हातावर पाणी टाक पहिले. मले राहू दे."

संध्याकाळी निलोफर परतली, रस्त्यावरची काळी रुई पाहून तिनं आधी रहमतभाईंचा दंड पाहिला, मग झाडू घेतला. राख झाडताना तिला तो खिळा सापडला. रहमतभाईंनी तो पुसला आणि इंदुताईंच्या घरी पोचता केला. वर बाळासाठी दोन गाद्या आपल्या पदरच्या कापसाच्या. सुरभीला मुलगी झाली. सव्वा महिन्यानं तिला घेऊन सगळे दुकानात आले होते. माझ्याखाली उभं राहून ती अशी काही रडली, की मला वाटलं, चला, कोणीतरी आपल्यासारखं बोलणारं भेटलं. तिला गप्प करायची कोणाला घाई नव्हती.

देवीलालचं म्हणाल तर तो अजूनही येतो. वडे तसेच, धूर तसाच, मी तशीच. पण आता तो आधी ढिगात हात घालून पाहतो, कोपरे पाहतो, मशीन पाहतो, मग छडी उचलतो. मला अजून 'माय'च म्हणतो. परवा गिऱ्हाईकानं चिडवलं, तर म्हणाला, "तिच्यानं रहमतभाई हाय आज. चूप राह्य."

आता माझं वय झालं. माझ्या पाठीवर एक तारीख छापलेली आहे, तिच्यापुढं माझ्या नाकाचा भरवसा नसतो. त्या धुराची काजळी अजून आत आहे, निलोफरच्या ब्रशनं निघत नाही. मधेच उगाच टिकटिकते. स्वप्नातलं शेतही हल्ली पुसट दिसतं. म्हणून जुनेद नवी डबी घेऊन आला आहे.

जायच्या आधी एक मागणं आहे. तुमच्या घरात, दुकानात, शाळेत माझी कोणी बहीण असेल आणि ती ओरडली, तर तिला अवश्य गप्प करा, आम्हालाही दम लागतो. पण बटण दाबायच्या आधी एकदा खाली वाकून पाहा. दहातल्या नऊ वेळा काही नसेल. वाकायला जड जाईल, तरी वाका.

तुमच्याशी बोलता बोलताच जुनेदनं शिडी लावून मला उतरवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी रहमतभाईंना जवळून पाहिलं. पांढऱ्या भुवया, त्यात अडकलेले रुईचे तंतू. त्यांनी मला जुनेदच्या हातातून घेतलं, उलटंसुलटं केलं.

"हिचा आवाज कसा हाय रे?" त्यांनी विचारलं. "साऱ्या गावानं ऐकला. म्या नाही ऐकला."

"लय बारीक आहे, अब्बा. तुम्हाले नाही येणार."

त्यांनी मला उजव्या कानाशी धरलं, अगदी चिकटवून, आणि आपल्या अंगठ्यानं बटण दाबलं. मी ओरडले. धूर नव्हता, काही नव्हतं, नुसतंच ओरडले, होता नव्हता तेवढा सेल जाळून. त्यांचे डोळे मोठे झाले.

"येऊन राह्यला," ते म्हणाले. "जुनेद, येऊन राह्यला मले."

"अब्बा, सोडा आता, कान दुखतीन," निलोफर म्हणाली. त्यांनी बटण सोडलं नाही.